आजोळचे चार थेंब

पालघर भागात हौसेनं जाणारी माणसं केळव्याच्या किनाऱ्यावर उतरतात, दोन दिवस सुरूच्या बनात भटकतात आणि परत येताना चिकूची करंडी घेऊन येतात. मी गेले ती रक्त द्यायला. परत आल्यापासून साताऱ्यातल्या ओळखीच्या बायका विचारताहेत, असं रक्त देतात कसं, त्यातून कळतं काय आणि खरंच कळलं का. प्रत्येकीला निराळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

आधी माणसं सांगते. माकुणसार हे माझं आजोळ. आजी-आजोबा गेले, माझी आईही गेली. तिथे राहिले वामनमामा, मामी आणि त्यांचा मुलगा दिनू. मामाची चिकूची आणि पानवेलीची लहानशी वाडी होती, पण घर चालायचं ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीवर. एका कारखान्यात तो बॉयलरवर होता. रोज सफाळ्याहून गाडीनं बोईसर, पुढे सायकल. आम्ही मे महिन्यात तिथे असायचो. संध्याकाळी मामा यायचा तेव्हा त्याच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी असायची. आम्ही पोरं धावत सुटायचो आणि मामी आतून ओरडायची, "हातपाय धू आदी!" कारखान्याचा वास घरात आलेला तिला खपायचा नाही. मामा निमूट विहिरीवर जायचा, आम्ही त्याच्यामागे रांगेनं. तो घोटे चोळचोळून धुवायचा, आम्हाला ताटकळवण्यासाठी जरा जास्तच. मग पुडी सुटायची.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मामाला विसर पडू लागला. सकाळ झाली की तो ड्यूटीला निघायचा. अडवलं की चिडायचा. मामीनं यावर आपल्याच डोक्यानं उपाय काढला. ती त्याला रोज डबा भरून देऊ लागली. मामा डबा घेऊन निघायचा, वाडीच्या टोकाला चिकूखाली बसायचा, दुपारी तिथेच जेवायचा आणि उन्हं कलली की "सुटलो" म्हणत घरी यायचा. मामी म्हणायची, हातपाय धू आदी. असं पुष्कळ दिवस सुरळीत चाललं. मग एके दिवशी तो चिकूखाली बसलाच नाही. सफाळ्याला गाडीत चढताना त्याला कुणीतरी पाहिलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. गावातली जाणती माणसं मामीला सांगत होती, आता देहाच्या जागी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकून टाक. मामीचं उत्तर ठरलेलं होतं. "पानांचा बावला जाळायचा आनि मानूस दारात येऊन उभा राह्यला तर त्याला काय सांगू?" दिनू सुट्टीच्या दिवशी वृद्धाश्रम, देवळांच्या पायऱ्या, सरकारी दवाखाने पालथे घालायचा. त्याची बायको कंटाळून म्हणायची, आमच्याकडे रविवार येतच नाही.

गेल्या वर्षी तारापूर वसाहतीच्या मागे गटारासाठी खोदताना झुडपात हाडं सापडली. शेजारी एक स्टीलचा डबा. तसला डबा तिथे हजारोंकडे असतो, त्यामुळे डब्यावरून काही ठरेना. पोलिसांनी हरवल्याच्या जुन्या तक्रारी काढल्या, दिनूला बोलावलं, त्याचं रक्त घेतलं. काही महिन्यांनी त्याचा मला फोन आला. साताऱ्यात मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघते; तेव्हा तिथल्या कोठीत धान्य उतरवून घेत होते.

"ताई, रिपोर्ट आला. जुळत नाय. बाबा नाय ते."

"रक्त कुणाचं घेतलं?"

"माजं. मुलाचंच लागतं बोलले."

मी पोती वाहणाऱ्याला हातानं थांबवलं. "दिनू, अरे, तू बेबीमावशीचा ना?"

यात गुपित काही नव्हतं, हे इथे सांगायला हवं. मामीला मूल नव्हतं. तिच्या बहिणीला, बेबीमावशीला, तीन मुलगे होते आणि चौथा झाला तो तिनं मामीच्या ओटीत घातला. बारशाला अख्खं गाव जेवलं होतं, मीही जेवले होते. बेबीमावशी दोन आळ्या सोडून राहते. दिनू तिला जन्मापासून मावशीच म्हणतो, तीही हाकेला ओ देते. इतकं सगळ्यांना ठाऊक होतं, की ठाऊक आहे हेच सगळे विसरून गेले होते. हवालदारानं विचारलं मुलगा कोण, दिनू पुढे झाला.

 मग तो म्हणाला, "ताई, ते माज्या ध्यानातच नाय आलं."

माझ्याही आलं नसतं. पण मी आयुष्यभर याद्या केल्या आहेत. दोन रकाने जुळले नाहीत की मी आधी रकाने तपासते.

माकुणसार

मामाच्या बहिणीची मुलगी म्हणून पोलिसांनी आता माझं रक्त मागितलं. पौष महिना होता. डहाणूची गाडी धरून सफाळ्याला उतरले. तुम्ही जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, स्टेशनाबाहेरची रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली हे कधी मान्य होत नाही. माझ्या मांडीवर माझी पिशवी, पिशवीवर कुणाचीतरी मेथी आणि पायाशी सुक्या बोंबलांची टोपली. टोपलीवाली म्हणाली, "कोनाकडं?" मामाचं नाव सांगितलं. तिनं टोपली स्वतःकडे ओढून माझ्या पायांना जागा करून दिली.

आमच्याकडे, साताऱ्यात, पाहुण्याला आधी पाणी आणि गूळ देतात. इथे आधी बसवतात, मग नीट न्याहाळतात. मामीनं मला न्याहाळलं आणि आत गेली. दिनू खुणेनं म्हणाला, राहू दे. त्या दिवशी अंगणात उकडहंडी लावली होती. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, बटाटे, लसणीच्या हिरव्या पातीचं वाटण, सगळं मडक्यात भरून वर पाला दाबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती विस्तव करायचा. पाण्याचा थेंब नाही. लहानपणी कधी थंडीत आले की मडकं कधी उघडतं याकडे डोळे लावून मी आणि मामा बसायचो. तो मला दर वेळी सांगायचा, "बॉयलर बी असाच असतो. आत काय चाललंय ते बाहेरून वासावरून कळतं." मला तेव्हा वाटायचं, कारखान्यातही कोनफळंच शिजतात.

मामीनं पान वाढलं. जांभळं कोनफळ पहिल्यांदा माझ्याच पानात पडलं, त्यावरून राग किती आहे याचा मला अंदाज आला. खूप असता तर तिनं दिनूच्या बायकोला वाढायला सांगितलं असतं.

"जुळलं नव्हतं ते बरं झालं व्हतं," ती एकदम म्हणाली. "तू मदी कशाला खुसपट काडलंस?"

"मामी, चुकीचं रक्त दिलं होतं."

"चुकीचं?" तिनं डाव हंडीत ठेवला. "माजा पोर चुकीचा? इथं बस, तोंडावर सांग त्याला."

दिनू जेवत होता. "आई, तिनं तसं नाय म्हटलं. जेव आदी."

"माज्या पोराला घरात बसून परका केलास, बाय. शिकलेली तू."

 मी कोनफळ खाल्लं. 

दुपारी वाडीत गेले. पानवेली आता नाहीत, चिकू आहेत. टोकाचं झाड तसंच आहे, बुंध्याशी बसून बसून गुळगुळीत झालेलं मूळ आहे. याच झाडावरून मामा आमच्यासाठी चिकू काढताना पडला होता आणि त्याचं डावं मनगट मोडलं होतं. गावच्या वैद्यानं बांधलं ते किंचित वाकडंच बसलं. त्यानंतर पुडी सोडताना तो मनगट असं आत वळवायचा. मी ते करून बघितलं. माझ्या हाताला जमलं नाही.

पालघर

मी तयारीनं गेले होते. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आईचा मृत्यू दाखला, सगळ्याच्या झेरॉक्सा, पासपोर्ट आकाराचे फोटो, निळं पेन आणि काळं पेन. रक्त द्यायचं म्हणून सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मामी तांदळाची भाकरी आणि करंदीची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, चटणी घेऊन मागे फिरत होती, मी ठामपणे नाही म्हटलं.

पालघर आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय. नवी कार्यालयं इतकी मोठी आहेत, की आत शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत काम विसरेल. दवाखाना मात्र जुन्या भागात. तिथे बोईसरहून आलेले हवालदार आमची वाट बघत होते. उंच, थकलेले, बोलायला सरळ.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं हे?" त्यांनी दिनूला विचारलं.

"तुमी इचारलंत, मुलगा कोन. मी हाय ना मुलगा."

हवालदारांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "प्रश्नच चुकला आमचा."

आतली नर्स स्थानिक होती. बोटाला सुई टोचता टोचता तिनं विचारलं, "हात एवडा गार का? खाल्लं नाय काय?"

"रक्त द्यायचं म्हणून उपाशी आहे."

"ह्याला उपास लागत नाय, मावशी. तुमी वडापाव खाऊन आलात तरी नातं बदलत नाय." बाहेर बाकावरचा एक म्हातारा खो खो हसला. मीही हसले, आणि त्याच क्षणी मला भोवळ आली. नर्सनं मला तिथेच आडवं केलं आणि दिनूला चहा-बिस्किटं आणायला पिटाळलं. दोन्ही पेनं खिशात तयार होती, बिस्कीट मात्र माझ्या पिशवीत नव्हतं.

रक्त बाटलीत भरून नेत नाहीत. जाडसर कागदाचं एक कार्ड असतं. त्यावर चार गोल छापलेले. प्रत्येक गोलात एकेक थेंब, मग ते वाळू द्यायचं, पाकिटात घालायचं, लाखेनं बंद करायचं, साक्षीदारांच्या सह्या. हळदीकुंकवाच्या पुडीसारखं ते पाकीट दिसत होतं. त्या वाळणाऱ्या थेंबांकडे बघत मी डॉक्टरांना विचारलं, मुलाचं चाललं नाही तिथे भाचीचं कसं चालतं?

डॉक्टर तरुण बाई होत्या, पण घाईत नव्हत्या. "आईकडून मुलांकडे एक गोष्ट जशीच्या तशी येते," त्या म्हणाल्या. "तुमच्या आजीकडून ती तुमच्या मामांकडे आली आणि तुमच्या आईकडे आली. मामांकडून ती पुढे जात नाही, पुरुषाकडून जातच नाही. तुमच्या आईकडून मात्र तुमच्याकडे आली. हाडं जुनी झाली तरी ती बऱ्याचदा टिकून राहते."

"म्हणजे आजोळकडून आलेलं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "हो. आजोळचंच."

मला ते बरं वाटलं, का ते तेव्हा नीट कळलं नाही. आजोळ म्हणजे मला आजवर विहीर, चिकू, मडक्याचा वास. ते बोटाच्या टोकातही असतं आणि सुईनं बाहेर काढता येतं, हे मला नवीन होतं.

बोईसर

जागा बघायची का, असं हवालदारांनी विचारलं. मी नको म्हणणार होते. दिनू म्हणाला, "जाऊ ताई. मी एकटा दोनदा जाऊन आलो, तिथं हुबं राहवत नाय."

बोईसर म्हणजे निम्मा देश. स्टेशनाबाहेर मराठी कानावर यायला वेळ लागतो. वसाहतीत शिरलं की आधी वास येतो, आंबूस, गोडसर, घशाला चिकटणारा. मी चालता चालता थांबले. हा मामाच्या शर्टाचा वास होता. याच वासाला विहिरीवर अडवून ठेवायची मामी.

मामाचा कारखाना बंद पडलाय. फाटकाला कुलूप आणि कुलपाला गंज. खोदकामाची जागा त्याच्याच मागच्या भिंतीशी होती. आता तिथे गटार झालंय, वर सिमेंटची झाकणं, बघण्यासारखं काही नाही. फाटकासमोर चहाची टपरी आहे. चहावाला बिहारचा, पण इथेच केस पांढरे झालेला. दिनूनं मोबाइलमधला मामाचा फोटो दाखवला. चहावाल्यानं डोळे बारीक करून पाहिला आणि परत दिला.

"याद नहीं भैया. झूठ क्यों बोलें." मग दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलं उचलत तो म्हणाला, "लेकिन ऐसे बुजुर्ग आते हैं. रिटायर हो गए, फिर भी सुबह-सुबह आ जाते हैं. गेट बंद देखके थोड़ा घूमते हैं पीछे. चाय पिलाओ तो घर चले जाते हैं."

दिनू ग्लास हातात धरून बंद फाटकाकडे बघत होता. तो लहान असताना मामानं त्याला या फाटकापर्यंत आणलं होतं, आत बॉयलर दाखवायला. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही, तेव्हा मामा त्याला म्हणाला होता, मोठा झाल्यावर तूच ये, मी आत असेन. हे त्यानं मला तिथेच सांगितलं.

"ताई," तो म्हणाला, "तुजं जुळलं तर बाबा सापडले. पन मग मी कोन?"

"चहा गार होतोय तुझा," मी म्हटलं.

वसतिगृहातल्या रडणाऱ्या मुलींना मी हेच सांगत आलेय. त्याच्यावरही चाललं, म्हणजे तो चहा प्यायला. पण प्रश्न तिथेच राहिला, आणि साताऱ्याला परतल्यावरही माझ्या मागे लागून होता.

पुन्हा माकुणसार

निकाल यायला उन्हाळा उजाडला. हवालदारांनी फोनवर आधी मला सांगितलं, दिनूला कसं सांगायचं ते त्यांना कळेना. हाडांतली आणि माझ्या रक्तातली आईकडची ओळ एकच. शिवाय वय जमतं, आणि डाव्या मनगटाचं हाड पूर्वी मोडून वाकडं सांधलेलं होतं. मी "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ मनगट आत वळवून बघत बसले.

दुसऱ्या खेपेला ताडगोळ्यांचे दिवस होते. सफाळ्याच्या रस्त्यावर बायका पानात गुंडाळलेले ताडगोळे विकत होत्या. या वेळी मामी आमच्याबरोबर बोईसरला आली. मामा हरवल्याची तक्रार द्यायला गेली होती, त्यानंतर पहिल्यांदाच. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पोलीस ठाण्यात टेबलावर पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं. इतकं लहान. हवालदारांनी कागद माझ्यासमोर सरकवला. मी पेन काढलं, निळं.

"तिच्याकडं कशाला?" मामी म्हणाली.

"आजी, रक्त यांचं जुळलंय. ताब्यात घेणारं माणूस नात्यातलं लागतं."

"ती भाची हाय. भाची सुट्टीला येते, आंबे खाते, घरी जाते. पोर बसलाय ना तुमच्या म्होरं."

"अहो, पण रिपोर्टात यांचं..."

"रिपोर्टाला काय म्हाईत?" मामीचा आवाज चढला नाही. "ह्यो तापानं फनफनला तवा ह्याच्या बापानं ड्यूटी बुडवली. एकदाच बुडवली सगळ्या नोकरीत. त्या बॉयलरला इचारा जाऊन."

 हवालदारांनी कागद उलटा फिरवला आणि दिनूपुढे ठेवला. मी त्याला पेन दिलं. त्यानं सही केली. शेजारी नातं लिहायची जागा होती. तिथे त्यानं 'मुलगा' लिहिलं, शाळेत काढायचो तसं वळणदार, सावकाश. हवालदारांनी ते वाचलं, शिक्का मारला आणि उठून मामीसाठी दार उघडून धरलं.

भाड्याच्या गाडीनं परतलो. गाठोडं दिनूच्या मांडीवर. सफाळ्याच्या नाक्यावर त्यानं गाडी थांबवायला सांगितली, गाठोडं मामीकडे दिलं, उतरला आणि परत आला तेव्हा त्याच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती. 

घरी भाऊबंद जमले होते. एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, अस्थी घरात नेत नाहीत, बाहेरच झाडाखाली ठेवा, तिथूनच पुढचं करू. रीत आमच्याकडेही तीच आहे. दिनू गाठोडं घेऊन अंगणात थांबला, कुठे जावं ते त्याला कळेना. मामी त्याच्याजवळून पुढे निघून विहिरीवर गेली. तिनं पोहरा सोडला, ओढला, बादली भरली.

"हातपाय धू आदी," ती म्हणाली.

दिनूनं गाठोडं विहिरीच्या दगडी काठावर ठेवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हातपाय धुतले. घोटे चोळचोळून. मामी पाणी ओतत होती. बादलीत थोडं उरलं. ते तिनं ओंजळीत घेतलं आणि कापडावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू सोडलं.

काका काहीतरी बोलणार होते. मामीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"झालं," ती म्हणाली. "चल, आता घरात ये."